अल्बर्टने आणलेले मासे

शारजा, अल नहदा

प्रिय आई,

तुला आणि पप्पांना आम्हा सगळ्यांचे पापे. पप्पांचा गुडघा आता कसा आहे? आम्ही बरे आहोत.

अल्बर्टच्या ऑफिसने माणसं कमी केली, त्यात त्याचंही नाव आलं. इंटरव्ह्यू चालू आहेत, इन्शाल्ला लागेल कुठेतरी. घरात मात्र तो गप्प गप्प असतो. म्हणून शनिवारी त्याच्या मित्राने, विन्स्टनने, त्याला बळेच बोटीवर मासे धरायला नेलं. आल्यावर मासे न साफ करता तसेच फ्रीजरमध्ये टाकून तो झोपला. मी ड्युटीवरून आले तर सगळे लाकडासारखे कडक. इतकी दमले होते की फेकून द्यावेसे वाटले.

पण टाकवेनात. गरम पाण्यात घातले तर खराब होतात, म्हणून ताटात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी सुरी जाईल इतके सुटले. पोटात थोडा बर्फ होता, त्यामुळे आतली घाण एकगठ्ठा निघाली. वासही नव्हता.

तेवढ्यात अल्बर्ट मागे आला. "दे इकडे, तू बस," म्हणाला. खवले काढता काढता बोटीवर विन्स्टनला कशी उलटी झाली, ते सांगत राहिला. एमिली दारातून म्हणाली, "मम्मा, डॅडी इज टॉकिंग."

सुटलेले मासे परत गोठवायचे नसतात, म्हणून सगळे तळले आणि शेजारीही दिले.

पप्पांना नोकरीचं एवढ्यात सांगू नकोस. मासे खाल्ले, एवढंच सांग.

तुमची,
सोफिया