चॅनेलवर गेलेले लाडू

मुलुंड पूर्व,
८ डिसेंबर २०२४

प्रिय सर्वेश,

अनेक आशीर्वाद. तू सायकलची राष्ट्रीय स्पर्धा जिंकलीस आणि आत्याचं पत्र एवढ्या उशिरा, रागावू नकोस. फोनवर तू लगेच विषय बदलतोस, म्हणून कागदच बरा.

आजीचा गुडघा आता ठीक आहे. आरे कॉलनीतून बस गेली की ती तुझा सरावाचा चढ अजून मान वळवून बघते.

तर ती मुलाखत. घाटात तू असा चढलास की चॅनेलवाले रोज विचारत होते, हा वेग खरा की औषधाचा? त्यांची वार्ताहर श्वेता घरी आली. गोड बोलली, "काकू, लहानपणापासून हा खातो तरी काय हो?" मी फुशारून सांगितलं, "माझे डिंकाचे लाडू! दहिसरच्या वैद्यांचं चूर्ण घालून. कॅम्पवरही डबा जातो." संध्याकाळी टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती: 'सायकलपटूच्या डब्यात गूढ चूर्ण'. शेजारच्या लताताई म्हणाल्या, "शर्मिष्ठा, अगं नुसते मेथीचे सांगायचेस ना!"

चॅनेलवाल्यांनी तुला विचारलं तर तू एवढंच म्हणालास, "घरच्या डब्याबद्दल बोलणार नाही." त्याने संशय वाढलाच.

चूर्णात काय आहे, ते वैद्यांनी मलाही सांगितलं नाही.

आणि एक. शर्यत बघताना, टाळ्या वाजवतानाच, माझ्या मनात आलं होतं, हा काही घेत तर नसेल? मीच तुला वाढवलं, आणि तरी आलं. नंतर वाटलं, घेत असला तर माझ्याच हातचं.

काल तुमच्या टीमच्या मेकॅनिकला, सुयोगला, फोन केला. तो हसायलाच लागला. "आत्या, त्याने एक पण लाडू खाल्ला नाहीये. डॉक्टरांनी पास केल्याशिवाय तो काही तोंडात घालत नाही. डबे आम्हीच संपवतो. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय त्याने."

इतकी वर्षं! आणि दर वेळी तुझा मेसेज, "आत्या, झकास झालेत." वेड्या, 'मी ते लाडू खातच नाही' एवढं एक वाक्य त्यांना बोलला असतास तर निदान चूर्णाचा विषय तिथेच मिटला असता. माझं मन राखायला स्वतःचं नाव पणाला लावलंस?

शर्यतीनंतर घेतलेल्या तुझ्या डोपिंग चाचणीचा निकाल येईल तेव्हा येईल. त्यासाठी मी थांबणार नाही. लोक मला हसले तर हसू देत.

तुझीच,
आत्या

उद्या: श्वेताला बोलावून कॅमेऱ्यासमोर सांगणे, माझ्या सर्वेशने माझा एकही लाडू खाल्लेला नाही.