दोन फोडण्या

३ डिसेंबर

हे घरी आले! दवाखान्यातून थेट पुढच्या खोलीतल्या दिवाणावर. जिना चढायचा नाही, म्हणून आता तिथेच झोपायचं. दोघंही घरात असून वरच्या खोलीत मी एकटी — पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मीही खाली अंथरूण घालते म्हटलं, तर म्हणाले, 'नको. तुझ्या घोरण्यानं परत ॲटॅक येईल.' म्हणाले, पण हसले नाहीत.

डॉक्टरांचं बोलणं डोक्यातून जात नाही. हृदयाचा एक भाग दुखावलाय. पंपिंग चाळीस टक्के. तीन महिन्यांनी परत इको काढायचा. सुधारलं नसेल तर छातीत मशीन. 'आणि वहिनी, स्वयंपाकाचं तेल बदला.'

४ डिसेंबर

राजसनं पुण्याहून एक लेख पाठवला. 'आई, वाच.' वाचला, दोनदा. इंग्रजी अजून पचतं — शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टाची कृपा!

काही उंदरांना कितीतरी आठवडे वेगवेगळी तेलं खाऊ घातली. मग त्यांच्या हृदयाकडे जाणारं रक्त मुद्दाम थांबवलं, परत सोडलं. ज्यांच्या पोटात जवसाचं किंवा माशाचं तेल होतं, त्यांच्या हृदयाला इजा कमी. माणसाचंही तसंच होतं का, ते अजून नक्की नाही म्हणे.

बिचारे उंदीर.

पण म्हणजे तेल आधीपासून पोटात हवं. झटका येण्याच्या आधी! मग इतकी वर्षं मी यांना काय वाढलं? डालड्यातल्या करंज्या. भजी, शेव, परत भजी. 'अजून दोन घ्या ना' म्हणणारीही मीच.

५ डिसेंबर

डॉक्टरांना फोन केला. 'तेल म्हणजे औषध नव्हे. गोळ्या सोडायच्या नाहीत. पण चांगलं तेल, तेही बेतानं, मदत करेल. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल चालतील का त्यांना?'

यांना विचारलं. 'आमच्या सात पिढ्यांत कोणी मासा बघितला नाही!'

मी तर प्यायलेय. शाळेत दर शुक्रवारी प्रार्थना झाली की रांग. सिस्टर बेनेडिक्टा बाटली घेऊन उभी. नाक दाबायचं, आ करायचा, कॉडलिव्हर ऑइल घशाखाली. मग ती दोन बोटांनी हनुवटी वर करायची आणि स्वतःच्या रुमालानं माझे ओठ पुसायची. घरी आईला कधीच सांगितलं नाही. चव आठवली की अजून शहारा येतो. पण ती दोन बोटं... त्यानंतर माझी हनुवटी अशी कोणी धरली?

१० डिसेंबर

एसटीनं वळसंगला जाऊन आले. तिप्पण्णाचा लाकडी घाणा आहे तिथं. फोडणीला करडीचं तेल घेतलं, वरून घ्यायला जवसाचं.

'अक्का, जवसाचं तापवायचं न्हाय बरं का. भाकरीवर कच्चंच घ्यायचं. आन लई दिस ठिवू नका, खवट हुतंय.'

'काळजाला बरं का हो?'

'माज्या बाऽला विचारा. नव्वद वर्साचा हाय. अजून मलाच शिव्या घालतोय की!'

इतकं मोकळं कोणाशी बोलून किती दिवस झाले होते! परतीची एसटी मुद्दाम एक सोडली.

२१ डिसेंबर

दोन फोडण्या करते. यांची करडीच्या तेलात. माझी दिवाळीच्या तळणीच्या तेलात — अर्धा डबा उरलाय, काळं झालंय, पण टाकवत नाही. अन्नच की ते. शिवाय यांचं तेल यांनाच पुरायला हवं. वळसंग काही रोज होत नाही.

शेजारच्या गिरिजाबाई डोकावल्या. 'अगं बाई, दोन कढया! भांडलात व्हय दोघं?'

भांडायला तरी बोलावं लागतं.

२ जानेवारी

राजसचा फोन. बाबांचं बीपी, बाबांची झोप, बाबांच्या गोळ्या. मग 'बरं, ठेवतो गं.'

१४ जानेवारी

भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, खेंगटाची भाजी, सगळं केलं. फक्त लोणी वाढलं नाही. जवसाच्या तेलाची वाटी ठेवली.

यांनी ताट सरकवलं. 'सणालाही हे दारांच्या रंगात घालायचं तेल? घर आहे का दवाखाना?'

'तुमच्यासाठीच करतेय ना मी!'

'मी सांगितलं होतं?'

उठून गेले. मी स्वयंपाकघरात उभ्यानंच माझं पिठलं खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं म्हणून सोडून दिलं. अर्ध्या तासानं बघते तर ताट रिकामं, वाटी पुसून घेतलेली!

२ फेब्रुवारी

आज म्हणाले, 'जवसाची चटणी बरी झालीय.'

दिवसभर पुरलं मला.

५ मार्च

उद्या इको. देवापुढे बसले, पण सुचेना. शेवटी शाळेतली प्रार्थनाच म्हटली, इंग्रजीत. तीन महिन्यांनी पस्तीस वर्षांची भरपाई होते का? तेल आहे ते, चमत्कार नव्हे. मशीन बसवायची वेळ आली तर ती माझ्या हातची करणी, असंच वाटत राहणार.

यांच्या अंगावरची चादर सारखी करायला गेले. जागे होते. हात धरला माझा, क्षणभर. मग कूस वळले.

६ मार्च

पंपिंग अठ्ठेचाळीस! मशीन नको!

हे चक्क नर्सला म्हणाले, 'हिच्या तेलाचा प्रताप.' ती अक्षता मोठी बोलकी. 'मग काकू, तुमचाबी ईसीजी काढू की! महिला दिनाचा आठवडा हाय, बायकांना फुकट.' मी नकोच म्हणत होते. हेच म्हणाले, 'काढ गं.'

डॉक्टरांनी कागद बराच वेळ बघितला. 'जुनी खूण दिसतेय. ॲटॅक कधी येऊन गेला?'

'सतरा नोव्हेंबरला. सकाळी सव्वासातला,' मी घडाघडा सांगितलं.

'त्यांचा नाही, वहिनी. तुमचा विचारतोय.'