धुळाप्पाच्या शेतातली खुंटी

भूम, १२ मार्च १९५८

तीर्थरूप आईस मार्तंडचा नमस्कार.

मी ठीक आहे. कपाळाला तीन टाके पडलेत, पण डोळा वाचला. दादांना सांगू नकोस.

पाटाच्या पाहणीसाठी मी धुळाप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात खुंटी ठोकली. पाट जमीन खाणार, या भीतीनं त्यानं ती उपटून सख्ख्या भावाच्या, गोरोबाच्या रानात रोवली. गोरोबानं ते पाहिलं आणि कुऱ्हाडच घातली. धुळाप्पाचा हात मनगटापासून तुटला. मी आडवा गेलो, तर दांडा मला लागला.

तुझा गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना?

आई, धुळाप्पानं आधी विचारलं होतं, "सायब, खुंटी कशाची हाय?" मी खेकसलो, "सरकारी काम आहे, हात लावू नको!"

माती तपासायला खड्डा कुठं खणायचा, त्याची ती नुसती खूण होती. एवढं सांगितलं असतं तर माझी जीभ झिजली असती का?

तुझा मार्तंड