एकतीस टक्के

४ मार्च, सोमवार, सकाळ
माझ्या सोलर सेलने एकतीस टक्के दिले. पडलेल्या उजेडातल्या एकतीस टक्क्यांची वीज झाली. आमच्या लॅबमध्ये एकविसाच्या पुढे कुणी गेलेलं नाही. सेल नखाएवढा आहे. हरकत नाही.

शेजारच्या टेबलावरची ज्युनिअर विचारते, मास्क लावला होता का. मास्क म्हणजे सेलवर ठेवायची काळी पट्टी. मधल्या भोकातून येईल तेवढाच उजेड मोजायचा. नव्हता लावला. बाजूने थोडा जास्तीचा आला तर येऊ दे. जळतेय पोरगी.

४ मार्च, संध्याकाळ
बायकोला दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय. गुरुवारपर्यंत कळवायचंय. तिला म्हटलं, नाही म्हणून टाक. गुरुवारीच माझा रिव्ह्यू आहे. हा आकडा दाखवला की मी लॅबमध्ये कायम. ती म्हणाली, गेल्या वर्षीही तू कायम होणार होतास. गेल्या वर्षी बॅटरी होती. तिने पेट घेतला, यात माझा काय दोष?
शेवटी बरं म्हणाली. समजूतदार आहे.

५ मार्च
मास्क लावून बघावं का? नको. सेल चांगल्या मूडमध्ये आहे, उगाच डिवचू नये.
सासऱ्यांना फोन केला. म्हटलं, दहा वर्षांत घरोघरी माझा सेल. ते म्हणाले, जावईबापू, आधी आमचा गीझर चालवून दाखवा. आकाराबद्दल बोललो नाही.

६ मार्च
मास्क सापडला नाही. शोधलाही नाही. दिवस स्लाइड्समध्ये गेला. पहिल्या स्लाइडवर उगवता सूर्य. त्याचा रंग चारदा बदलला.

७ मार्च, दुपार
रिव्ह्यूत लॅबच्या प्रमुख मॅडमनी सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने मास्क ठेवला. अकरा टक्के. समितीतल्या एका सरांनी विचारलं, बाकीचे वीस शेजाऱ्यांकडून आणले होते का. सगळे हसले. मीही हसलो. ज्युनिअर हसली नाही, ते जास्त लागलं.
मुदतवाढ नाही. जूनअखेर टेबल रिकामं करायचं.
त्या मास्कचं भोकच लहान असणार.

७ मार्च, संध्याकाळ
वाटेत ठरवलं, मन मोठं करायचं. बायकोला म्हटलं, माझ्या संशोधनापायी तुझं नुकसान नको. खुशाल होकार कळव.
तिने सोमवारीच कळवलाय.
विचारलं, माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता? म्हणाली, होता की, पूर्ण होता. म्हणून तर एक दिवसही थांबले नाही.
मग चहा ठेवून तिकडच्या घराबद्दल सांगत बसली. दोन खोल्या. ऊन फार येतं म्हणे. पडदे लावायचं काम माझ्याकडे आलंय.