अकरा खांब आणि जिन्याखालचा कॉम्प्युटर

लिहून ठेवणार: मी, वय वर्षे चौसष्ट, पूर्वी टेलिफोन खात्यात लाइनमन, गेली पंधरा वर्षे आसपासच्या वस्त्यांवरच्या वायफायच्या खांबांची देखभाल करणारा. लोक मला तारमास्तर म्हणतात. आताचे काम बिनतारी आहे, हे सांगून मी थकलो.

या कागदाने मी जाहीर करतो की माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत. डॉक्टरांनी ‘काही महिने’ एवढेच सांगितले, आकडा सांगायचे टाळले. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या धाकाने वा भरीला पडून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसा कागद कोणी पुढे केलाच तर तो रद्द समजावा. वकीलसाहेबांनी तयार करून दिलेला मसुदा दीड पानाचा होता. त्यात माझी मिळकत सगळी आली होती, पण मला जे सांगायचे आहे ते नव्हते, म्हणून मी नव्याने लिहायला बसलो. वकीलसाहेबच या मृत्युपत्राचे व्यवस्थापक राहतील.

कलम १. राहते घर माझ्या पत्नीचे. तिच्या पश्चात मुलाचे. बँकेत जे काही निघेल तेही पत्नीचे. यात कोणाचे दुमत असायचे कारण नाही.

मात्र एक अट आहे. जिन्याखालच्या फळीवर जो जुना कॉम्प्युटर आहे त्याचा प्लग कोणीही, कोणत्याही कारणासाठी काढू नये. पत्नीने एकदा इस्त्री लावायला तो काढला होता, नेमकी तेव्हाच वर वीज जाऊन आली आणि तीन वस्त्या दिवसभर मुक्या झाल्या. मी ओरडलो तेव्हा ती म्हणाली, “माझ्यापेक्षा त्या डबड्याची काळजी जास्त आहे तुम्हाला. मेल्यावर तरी सुट्टी द्या त्या पेट्यांना.” तिची माफी तेव्हा मागायची राहिली, ती इथे मागतो. पण प्लग काढू नये.

कलम २. आता हा कॉम्प्युटर काय करतो ते लिहितो, कारण माझ्याखेरीज हे एकाच व्यक्तीला ठाऊक आहे.

आमच्याकडे मोबाइलची रेंज येत नाही, डोंगर आड येतो. म्हणून कंपनीने अकरा खांब उभे केले आणि प्रत्येकावर एक पांढरी पेटी बसवली. एक पेटी दुसरीला बघते, दुसरी तिसरीला, असे करत वरच्या वस्तीपर्यंत फोन लागतो. पेटी सुरू होताना कंपनीकडे आजची तारीख विचारायची आणि परवाना तपासायची. नऊ वर्षांपूर्वी कंपनी बंद पडली आणि परवाने संपले. त्यावर मी तोडगा काढला. पेट्यांना तारीख आता हा कॉम्प्युटर सांगतो, आणि खोटी सांगतो. त्याच्या लेखी कंपनी अजून चालू आहे. तिच्या बंद पडण्याचा दिवस जवळ आला की मी वर्ष एकाने मागे घेतो आणि तेच वर्ष पुन्हा सुरू करतो. वीज गेली की कॉम्प्युटरही बंद पडतो आणि दर वेळी पासवर्ड टाकून हाताने सुरू करावा लागतो. तो बंद राहिला तर वीज जायचा अवकाश, एकेक पेटी बंद पडेल आणि पुन्हा उठणार नाही.

कलम ३. हे खांब बसवायला आलेले कंपनीचे साहेब चहा पिता पिता म्हणाले होते, “आता आयुष्यभराची काळजी मिटली.” कोणाच्या आयुष्यभराची, ते त्यांनी सांगितले नाही. त्यांना मी काहीही ठेवत नाही. मागच्या खोलीत मेलेल्या चौदा पेट्या आहेत, ज्यांचे अवयव काढून काढून मी बाकीच्या जगवल्या. त्या कोणीतरी त्यांच्या दारात नेऊन ओताव्यात अशी माझी इच्छा आहे. ही इच्छा बंधनकारक नाही.

कलम ४. किराणा दुकानदाराने सहाव्या खांबाला बांधलेला दुकानाचा बोर्ड उतरवावा. वाऱ्याने खांब हलतो, पेटीचे तोंड फिरते. नऊ वर्षे मी त्याला हात जोडले, आता मेलेल्या माणसाचा तरी शब्द ठेवावा.

कलम ५. ॲल्युमिनियमची शिडी, कमरेचा पट्टा, तारांची टोके दाबायची क्रिम्पिंगची पक्कड, लाकडी मुठीचे सोल्डरिंग आयर्न आणि खांबांच्या नोंदींची हिरवी वही मुलाला देत नाही. तो शहरात चांगल्या नोकरीला आहे. “बाबा, फेकून द्या सगळं आणि नवीन घ्या,” असे तो दर फोनवर सांगतो. नवीन घ्यायला पैसा कोण देणार, असे विचारले की तो फोन आवरता घेतो. माझा त्याच्यावर राग नाही. त्याने वर कधी चढून बघितलेले नाही, एवढेच.

कलम ६. कलम ५ मधील सर्व वस्तू, जिन्याखालच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड आणि अकराही खांबांच्या कुलपांच्या चाव्या मी माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, माझ्या पुतणीला देतो. वय सत्तावीस. सहा वर्षांपूर्वी बाप गेल्यावर महिनाभरात ती माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मोठे काका, पुन्हा कुणाच्या घरात असं व्हायला नको. मला शिकवा.” तिच्याइतका स्थिर हात मी खात्यातही पाहिला नाही. गेले वर्षभर मी खाली शिडी धरतो आणि ती चढते. तिने नाही म्हटले तर हे काम करणारे दुसरे कोणी नाही.

परंतु चाव्या देण्यापूर्वी वकीलसाहेबांनी तिला कलम ७ मोठ्याने वाचून दाखवावे. आधी चाव्या आणि मग कलम, असे चालणार नाही.

कलम ७. माझा धाकटा भाऊ वरच्या वस्तीत राहत होता. त्याने घरावर पाण्याची मोठी टाकी बसवली, ती नेमकी नवव्या आणि दहाव्या खांबाच्या मध्ये आली. सिग्नल अर्धा झाला. मी टाकी सरकवायला सांगितली. तो म्हणाला, “दादा, तुझ्या पेट्यांना दिसत नाही म्हणून मी काय तहानलेला राहू?” सगळ्यांसमोर म्हणाला, लोक हसले. त्यावर आम्ही दोन वर्षे बोललो नाही.

मग एका दुपारी विजेचा झटका येऊन दहाव्या खांबाचा अडॅप्टर जळाला. अडॅप्टर म्हणजे पेटीला वीज पुरवणारा तळहाताएवढा ठोकळा. पेटी बंद, वरच्या वस्तीचा फोन बंद. भावजय निरोप घेऊन स्वतः खाली आली. “भाऊजी, कधी चालू होईल?” मी म्हणालो, “माल नाही. कंपनीच बंद पडलीय, मी तरी काय करणार?”

माल होता. माझ्या ट्रंकेत एक कोरा अडॅप्टर होता, प्लॅस्टिकच्या पाकिटात, सील न फोडलेला. मला हवे होते की भावाने स्वतः खाली यावे आणि एकदा दादा म्हणून हाक मारावी. ही अट मी कोणाला सांगितली नव्हती. त्याला कळणार कशी?

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो छपरावर चढला. त्याला वाटले की पेटी टाकीमुळे बंद आहे. त्याने पाइप कापले, टाकी रिकामी केली आणि एकट्याने ओढायला लागला. तिथेच छातीत कळ आली. भावजयीने फोन लावला, पुन्हा लावला, मग चपला न घालता चाळीस मिनिटे उतरून दवाखान्यात आली. नर्सबाई गाडी घेऊन पोचल्या तेव्हा तो गेला होता. मी वर गेलो तेव्हा टाकी तिच्या जागेवरून दीड हात सरकलेली होती. तेवढीच सरकव असे मी त्याला सांगितले होते.

नर्सबाई पायरीवर बसून म्हणाल्या होत्या, “अर्ध्या तासात कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.” सगळ्यांनी कंपनीला शिव्या दिल्या. मीही दिल्या. दुसऱ्या दिवशी मेलेल्या पेटीतून एक जुना अडॅप्टर काढून, दुरुस्त करून मी दहावा खांब चालू केला आणि कसाबसा मिळाला म्हणून सांगितले. कोऱ्या पाकिटाला हात लावायची हिंमत झाली नाही. त्यानंतर कितीदा माल कमी पडला, पुतणी कुठे कुठे भटकून तुटके अडॅप्टर घेऊन आली, तरी झाली नाही.

वकीलसाहेब म्हणाले, “हे कलम काढा. पोरगी चिडून सगळं सोडून देईल. मग सगळ्या वस्त्यांनी काय करायचं?” त्यांचे बरोबर असेल. मलाही त्याचीच भीती वाटते, मरणाहून जास्त. पण बापाचा बळी कंपनीने घेतला असे समजून ती सहा वर्षे माझी शिडी चढते आहे, आणि मी खाली उभा राहून बघतो. हे माझ्यामागेही तसेच चालू ठेवणे मला जमत नाही.

बाळ, तुझे वडील माझ्यामुळे गेले. ते वाईट नव्हते आणि हट्टीही नव्हते, हट्टी मी होतो.

कलम ८. ट्रंकेतले ते पाकीट मी पुतणीला देतो. ते तिने दहाव्या खांबावर लावावे, माझ्या दारावर आपटावे किंवा आईला नेऊन दाखवावे.

कलम ९. तिने चाव्या नाकारल्या तर तिला कोणी एका शब्दाने बोलू नये, विनवू नये, तिच्या घरी माणसे पाठवू नयेत. वकीलसाहेबांनी सगळ्या वस्त्यांना कळवावे की पुढची वीज जाईपर्यंत फोन लागेल, आजारी माणसांना तोवर खाली आणून ठेवावे.

वरील मजकूर मी वाचला, तो बरोबर आहे, आणि त्याखाली मी दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली. पुतणीला यातून मिळकत जाते म्हणून ती साक्षीदार नाही. ती बाहेरच्या खोलीत सातव्या खांबाची पेटी उघडून बसली आहे.

सही: तारमास्तर

साक्षीदार १: दवाखान्यातील नर्सबाई. (साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे त्यांना सांगितले होते. त्यांनी वाचला. सही करायला वेळ घेतला, पण केली.)

साक्षीदार २: शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक.

स्थळ: राहते घर, जिन्यालगतची खोली.

दिनांक: सव्वीस नोव्हेंबर, चालू साल. ही तारीख खरी आहे. जिन्याखालच्या कॉम्प्युटरवर आजची तारीख वेगळी दिसते. त्या तारखेला माझा भाऊ अजून जिवंत आहे.