सातशेची चिठ्ठी मी खाल्ली

आधी कबुली, मग वाटणी. उन्हाळ्यात शाळेसमोर मशीनवाल्या साहेबांनी चिठ्ठ्यांचा खेळ घेतला, त्यात मी लबाडी केली.

आता कायद्याचं. मी बिलटू राजभर, वय एकोणीस, राहणार बरवा टोला, जिल्हा देवरिया, कोणाची बळजबरी नसताना, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. झिनकू काका म्हणतील, कधी होतं? त्यांना विचारू नये.

एक. सायकल धाकट्या गुड्डूला. ब्रेक नाहीत, ते त्याला कळेलच.

दोन. डिझेल इंजिनचं हरवलेलं हँडल बाबूजींना. भुशाच्या खोलीत आहे, मीच ठेवलं होतं. त्या दिवशी पाणी द्यायला जायचं नव्हतं.

तीन. झिनकू काकांना माझी गलोल, आणि माफी. माफी कशाची ते सांगतो.

ते लेझरचं मशीन शेत ताटासारखं सपाट करतं. पाणी सगळीकडे सारखं पोचतं, इंजिन निम्म्या वेळात बंद. खेळ असा, की तासाला किती भाडं द्याल ते आधी बोलायचं, मग लोट्यातून चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवरचा भाव तुमच्या बोलीइतका किंवा कमी असला तर चिठ्ठीच्या भावात मशीन तुमचं. जास्त असला तर घरी जा.

आमचा टोला, म्हणजे ही वस्ती, बैलबाजारात वाढलेली. मनात सहाशे असले तरी तोंडातून तीनशेच निघतात.

झिनकू काका म्हणाले, "तीनशे. आता तुम्ही तुमचा भाव सांगा, मग मी चढतो."

"काका, इथं कोणी चढत नाही."

"सगळे असंच म्हणतात, साहेब."

चिठ्ठी निघाली सहाशेची. काका पार चारशे, पाचशे, साडेपाचशेपर्यंत आले, पण साहेबांनी पुढचं नाव घेतलं होतं. लोटा धरून चिठ्ठ्या काढायचं आणि वाचायचं काम साहेबांनी मला दिलं होतं. काकांची जिरवायला अडीचशेची सगळ्यात स्वस्त चिठ्ठी मी आधीच मुठीत दाबली होती. त्याचीच ही माफी.

मग इंद्रासनी काकी आली. नवरा लुधियानाला, शेत एकटीवर. वरच्या टोकाला भेगा, खालच्या टोकाला तळं, आणि दर पाण्याला बांधावरून झिनकू काकांशी भांडण. ती म्हणाली, "पाचशे. एवढंच जमेल. उगाच कमी कशाला बोलू?"

चिठ्ठी निघाली सातशेची. ती फक्त मी पाहिली. काकी चिठ्ठीकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मुठीतली अडीचशेची उघडून वाचली.

सातशेची तिथंच खाल्ली. म्हणून ती कोणाला देता येत नाही.

आज काकीचं भात एका उंचीचं उभं आहे. टोला म्हणतो, खरं बोलली म्हणून मिळालं. झिनकू काकासुद्धा पुढच्या साली पहिल्या झटक्यात खरा भाव बोलणार आहेत.

परवा बांधावर गवत कापताना मला साप चावला. खाटेवर पडलो, पाय सुजला, बाया रडायला लागल्या. काकी हात धरून बसली. "मेल्या, असा जाऊ नकोस. जन्मात एकदाच माझ्या शब्दाला मान मिळाला, तो तुझ्या हातून."

सगळं तोंडापर्यंत आलं. "काकी, ती चिठ्ठी..." एवढं बोललो, तोच माझा दोस्त मुन्नर काठीवर साप लटकवून आला.

"अरे, धामण आहे ही. विष नसतं हिला."

काकीने माझ्या पाठीत धपाटा घातला. "ऊठ. चहाला दूध आण. आणि चिठ्ठीचं काय म्हणत होतास?"

"काही नाही," म्हणालो, आणि सुजल्या पायाने धावलो. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

चार. माझ्या वाट्याची जमीन गुड्डूला. अट एकच, ती सपाट करून घ्यायची, आणि भाव विचारला की खरा बोलायचा.

साक्षीदार: मुन्नर (फक्त शेवटचं पान पाहिलं). सुदामा न्हावी (अंगठा).
सही: बिलटू राजभर
बरवा टोला, रविवार, २४ ऑगस्ट २०२५

जो कोणी हे उघडेल, त्याच्या पाया पडतो. मी मेलेला असलो तरी काकीला सांगू नका. झिनकू काकांना तर मुळीच नाही, ते परत तीनशेवर येतील.