पाण्यात गोल फिरणाऱ्या नावेबाबत खुलासा

प्रति,
मा. श्रीमती यशोधरा पागनीस,
प्रभारी अधिकारी, जलक्रीडा विकास कक्ष,
पलासिया, इंदूर (म. प्र.)

विषय: मिलच्या तलावावरील शीडनौका प्रशिक्षण केंद्र चालू ठेवणे व शर्यतीकरिता एक माणूस मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या कक्षाची 'कारणे दाखवा' नोटीस व तिच्यासोबतचा निरीक्षक श्री. पंवार यांचा पाहणी अहवाल.

महोदया,

अर्जदार दिवाकर नारायण मुंगी, मिलच्या टाइम ऑफिसातील माजी कारकून व वरील केंद्राचा बिनपगारी प्रशिक्षक, सविनय सादर करतो की, त्याचे यापूर्वीचे सर्व अर्ज हिंदीत होते आणि ते कुठे बुडाले ते कळलेले नाही. मागल्या आठवड्यात आपल्या दारावरच्या नव्या पाटीवर पागनीस हे आडनाव वाचून हा अर्ज मराठीत करण्याचे धाडस त्याने केले आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

१. मिलचा भोंगा वाजत होता त्या काळी कामगारांच्या मुलांसाठी हे केंद्र निघाले. इंदूरला समुद्र नाही, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते, आणि अर्जदाराची पत्नी सौ. सरोजिनी हिने ते आजवर विसरू दिलेले नाही. तरीही खात्याखात्यांतल्या लोकांची पोरे इथे वारा ओळखायला शिकली, भोपाळच्या मोठ्या तलावावर राज्यस्पर्धेला उतरली, आणि मंजिरी कानडे या मुलीने तिथे पहिला नंबर काढला. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये पोरांनी इतका गोंधळ घातला की ड्रायव्हरने बस थांबवून दम दिला. अर्जदाराने पोरांना रागावण्याचे नाटक केले, पण त्याला हसू आवरत नव्हते.

पुढे मिल बंद पडली. कोणाचे वडील पीथमपूरला लागले, कोणी सुरत गाठली, कोणी सांवेरकडच्या आपल्या गावी सोयाबीन बघायला गेले, आणि पोरे त्यांच्या मागोमाग. मंजिरी शहरातच आहे, भंवरकुआंला कम्प्यूटरच्या क्लासला जाते. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते आणि म्हणते, "सर, या संडेला पक्का येते, एकदम पक्का!" ती येत नाही. तिचा दोष नाही. शीड बांधता येते म्हणून आजकाल कोणी नोकरीला ठेवत नाही.

२. अहवालात म्हटले आहे की, 'प्रशिक्षणार्थी आढळले नाहीत.' हे खरे आहे.

३. अहवालात पुढे म्हटले आहे की, 'नौका एकाच ठिकाणी गोल फिरत होती, चालकाचे नियंत्रण दिसून आले नाही.' याचा खुलासा करणे भाग आहे. आपल्या या खेळात पाण्यावर पंच नसतो. वळणाच्या खुणेला नावेचा धक्का लागला तर दुसऱ्या कोणी शिट्टी वाजवायची नसते. ज्याचा धक्का लागला त्याने आपणहून बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मग पुढे जायचे. पाहणीच्या दिवशी अर्जदाराच्या शिडाचा दांडा खुणेच्या पिंपाला लागला. म्हणून त्याने गिरकी घेतली. गिरकी घेताना वारा फिरला आणि दांडा पुन्हा लागला. म्हणून पुन्हा घेतली. पाण्यात दुसरे कोणी नव्हते आणि काठावरून कोणी पाहणी करत आहे हे त्याला माहीत नव्हते, तेव्हा न घेता चालले असते, असे काठावरचा चहावाला बंटी म्हणतो. अर्जदारास ते पटत नाही. पोरांना इतकी वर्षे हेच तर शिकवले.

४. 'चालक मोकळ्या पाण्याकडे पाहून ओरडत होता.' हेही खरे आहे. ज्याच्या उजव्या अंगाने वारा येतो, त्याचा हक्क पहिला. त्याने 'स्टारबोर्ड!', म्हणजे उजवी बाजू, अशी हाक द्यायची आणि समोरच्याने वळायचे, असा नियम आहे. पोरे होती तेव्हा या हाकांनी तलावावर एकच कल्ला असे. आता समोर कोणी नसते, पण तोंडाला सवय लागली आहे. हाक जाते, पलीकडच्या बांधावर आपटते आणि अर्जदारालाच परत ऐकू येते. अर्जदारास एकटे वाटते, हे कार्यालयीन भाषेत कसे लिहितात ते त्याला ठाऊक नाही, म्हणून तसेच लिहिले आहे.

५. नोटिशीप्रमाणे या महिनाअखेर किमान दोन नौकांची शर्यत न झाल्यास केंद्राची मान्यता संपेल आणि तलाव पायडल मारायच्या बदकाच्या आकाराच्या बोटींसाठी ठेकेदाराकडे जाईल. बदकांवर अर्जदाराचा राग नाही. लेकरे हौसेने बसतील. पण बदकाला वारा कळत नाही, आणि एकदा ती आली की शिडाला पाणी उरणार नाही.

शर्यत व्हावी म्हणून अर्जदाराने हातपाय मारून पाहिले. सौ. सरोजिनीने नावेत एक पाय ठेवला, नाव हलली, तिने पाय मागे घेतला आणि म्हणाली, "अहो, ही जागेवर उभी राहील तेव्हा मला बोलवा." बंटीला विचारले तर तो हात जोडून म्हणाला, "मुंगीजी, मैं डूब गया तो चाय कौन बनाएगा, भिया?" शेवटी अर्जदाराने दुसऱ्या नावेत वाळूचे पोते बसवून ती सोडली. ती थेट बाभळीत शिरली. पोते हा स्पर्धक धरता येईल काय, याबाबत आपले मार्गदर्शन मागवण्याचा विचार होता, पण तो सोडून दिला.

६. पूर्वीच्या अर्जांत अर्जदाराने नव्या नावा मागितल्या, पगारी प्रशिक्षक मागितला, शाळाशाळांतून मुले पाठवा म्हणून विनवले. त्या सर्व मागण्या तो या अर्जाद्वारे मागे घेत आहे. आता मागणी एकच आहे. येत्या रविवारी सकाळी श्री. पंवार यांना पुन्हा तलावावर पाठवावे, पाहणीसाठी नव्हे, दुसऱ्या नावेत बसण्यासाठी.

त्यांना काही येत नसले तरी हरकत नाही, अर्जदार शनिवारी शिकवील. ते जिंकले तर आनंदच आहे. त्यांच्याविषयी अर्जदाराच्या मनात किल्मिष नाही. बंटी सांगत होता, "वो साब आपको ही देखते रहे, चाय ठंडी हो गई. शीड उतरा तब उठे." महोदया, पोरे गेल्यापासून अर्जदाराची नाव काठाला लागेपर्यंत पाहत बसलेला हा एकच माणूस. त्यांनी लिहिले काहीही असो, बसले होते.

त्यांनी एवढेच करावे की, अर्जदार 'स्टारबोर्ड' अशी हाक देईल तेव्हा त्यांनी वळावे.

आपल्या होकाराची आणि रविवारच्या वाऱ्याची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार

(सही)
दिवाकर नारायण मुंगी
इंदूर, दि. १८ मे १९९८

सोबत:
१. नोटीस व पाहणी अहवालाची नक्कल.
२. लाइफ जॅकेट, एक नग. श्री. पंवार यांच्या अंगाला बसेल असा बंटीचा अंदाज आहे. कृपया टपालाने परत पाठवू नये. घालून यावे.